सातवीच्या मुलांना बाणावलीचं संग्रहालय दाखवावं का? तेच सामान त्यांच्या माळ्यावर आहे!

सत्तरीची_टीचर

नमस्कार मंडळी. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे एका सरकारी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवते. जानेवारीत सातवीची एक दिवसाची सहल काढायची आहे. एक बस, अडतीस मुलं, मी आणि आणखी दोघे शिक्षक. हेडमास्तरांचा बेत दरवर्षीचाच आहे: जुने गोवे, मिरामार, आईस्क्रीम, घर. यंदा मला वेगळं काही करायचंय.

दिवाळीच्या सुट्टीत मडगावला बहिणीकडे गेले होते, तेव्हा बाणावलीचं 'गोवा चित्र' बघून आले. व्हिक्टर ह्यूगो गोम्स या चित्रकाराने गावोगाव फिरून जमवलेलं जुनं सामान तिथे आहे. नांगर, दाती (म्हणजे जाती), व्हायनं (उखळं), धान्याची मापं, कुंभाराची, लोहाराची, माडाची सूर म्हणजे माडी काढणाऱ्या रेंदेराची हत्यारं. इमारतसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांची दारं, खिडक्या आणि खांब वापरून उभी केलेली. बाजूला शेत आहे. मला फार आवडलं.

शाळा सुरू झाल्यावर मोठ्या उत्साहाने वर्गात सांगितलं, फळ्यावर चित्रंही काढली. मागच्या बाकावरचा एक उठला आणि म्हणाला, "टीचर, हें सगळें आमगेर माळयार आसा." वर्ग हसला. एकीने सांगितलं, तिची आजी अजून दात्यावर दळते. तिसऱ्याने विचारलं, मग तिकीट काढून कशाला बघायचं?

प्रश्न बरोबर आहे की नाही? शहरातल्या मुलांना नांगर बघायचं अप्रूप असेल. आमच्याकडे काजूच्या दिवसांत अर्धा वर्ग बोंडं वेचायला बागायतीत असतो. येऊन-जाऊन चार-साडेचार तास बसमध्ये बसवून त्यांना त्यांच्याच घरची वस्तू दाखवायची, यात मी त्यांना काय देणार? कुणी मुलांना घेऊन गेलं असेल तर सांगा. दुसरं एखादं लहान संग्रहालय सुचवलंत तरी चालेल. बजेट बेताचं आहे.

पाटो_ते_पणजी

जुने गोवेच करा, उगाच डोकं लावू नका. चर्च बघून परत फिरू नका मात्र, शेजारचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय दाखवा. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात आहे, १९६४ पासूनचं. शुक्रवारी बंद असतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे तुमचं बजेट वाचलं.

वरच्या दालनात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची चित्रं ओळीने लावली आहेत. ही चित्रं काढून घेण्याची प्रथा झुआंव द कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू केली. मुलं कपडे आणि मिशा बघून खूश होतात. पण तुमच्या सत्तरीच्या मुलांना खालचे वीरगळ दाखवा. तुमच्याकडे देवळांच्या आवारात असे दगड उभे असतात आणि लोक त्यांना तेल-फूल वाहतात. इथे ते वाचायला शिकवता येतात: खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेतायत, वर तो शिवलिंगापुढे बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. गोव्याच्या कदंब राजांच्या काळातले होड्यांच्या लढाईचे वीरगळ आहेत, वल्हीसुद्धा दिसतात. एकदा वाचता आलं की गावातला दगड मुलं आपणच वाचतील.

मेस्त_फोंडा

टीचर, मी मेस्त. जन्म गेला फोंड्याच्या आसपासच्या घरांची दारं, खिडक्या, देव्हारे करण्यात. आता गुडघे कुरकुरतात म्हणून धंदा पोरगा बघतो आणि मी अशी लहानसहान संग्रहालयं बघत फिरतो. बायको म्हणते, इतकी वर्षं भुशात काढलीत, अजून लाकडाचा कंटाळा नाही? नाही.

मागच्या बाकावरच्या त्या पोराला माझ्याकडून शाबासकी द्या. बाणावलीला पणजीच्या पोरांचा एक जथा माझ्या पुढे होता. दाते बघून "किती क्यूट" म्हणाली आणि गेली पुढे. तुमच्या पोरांना दात्याचा खुंटा कसा धरायचा, घास किती टाकायचा ते ठाऊक आहे. ती अर्धं संग्रहालय वाचायला शिकूनच बसमध्ये चढणार. अशा पोरांना न्यायचं नाही तर कुणाला?

पण सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. तिथे चार हजारांच्या वर वस्तू आहेत. माझ्यासारखा नाद असलेला माणूससुद्धा तासाभराने नुसता माना हलवत चालायला लागतो. माहिती सांगायला माणूस असतो, त्याच्याबरोबर एक फेरी होऊ द्या. मग पोरांच्या टोळ्या करा आणि एकेका टोळीला एकेका वस्तूपुढे बसवा.

काय बघायचं ते सांगतो. आदोळी, म्हणजे विळी, घ्या. प्रत्येकाच्या घरी आहे, म्हणून तीच घ्या. पाटाकडे बघा. बसणारीची एक मांडी पाटावर, दुसरा पाय बाजूला. त्यामुळे पाट सगळीकडे सारखा झिजत नाही. एका अंगाला तेल पाजल्यासारखा गुळगुळीत आणि किंचित खोल होतो, दुसऱ्या अंगाला ज्या मेस्ताने केला त्याच्या रंध्याच्या रेघा अजून दिसतात. मग पात्याकडे या. नवं पातं रुंद असतं. धार लावून लावून ते मधे खात जातं, टोकाला मात्र तितकंच राहतं, कारण टोकाच्या दात्यांवर नुसता नारळ खवतात. म्हणजे मासळी जास्त चिरली की नारळ जास्त खवला, तेही ते लोखंड थोडंफार सांगतं. पाटाच्या खालच्या बाजूला वाकून बघा, खुरांना कुणीतरी नंतर पट्टी ठोकलेली असते. ती पट्टी पहिल्या मेस्ताची नव्हे, घरच्या कुणाची तरी. खिळा वाकडा मारलेला असतो ना, त्यावरून कळतं!

आणि अजिबात न झिजलेली वस्तू दिसली तर थांबा. ती एक तर दिवाणखान्यात मिरवायला केलेली, नाहीतर अलीकडे कुणाकडून तरी करून आणलेली. पोरांना असला चोर पकडायला फार आवडतं.

दुसरं. वस्तू कुठल्या गावची, हे पाटीवर नसेल तर विचारायचं. अशा एका संग्रहालयात, नाव सांगत नाही, मी एका लांब दांड्याच्या फळीपुढे उभा होतो. पाटीवर 'शेतीचे अवजार, लाकूड' इतकंच. लाकूड आहे ते मलाही दिसत होतं! मला खटकत होतं ते वेगळंच. आख्ख्या वस्तूत लोखंड कुठेच नाही. फळीत दांडा खाच मारून बसवलेला आणि वर लाकडाचीच खुंटी. शेतीच्या वस्तूला कुठेतरी कडी, पट्टी, खिळा असतो. दारावरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "जुनं आहे." तेवढ्यात केर काढायला आलेली बाई झाडू टेकून म्हणाली, "तें मिठागरांतलें." तिच्या माहेरी आगर होतं. वाफ्यात मीठ धरलं की ओढून बांधाला लावायची ती फळी. लोखंड घातलं तर एका हंगामात गंजून मीठ लाल होईल, म्हणून खुंटी. तिने दांडा हवेत धरल्यासारखा करून ओढायचा कसा तेही दाखवलं, कमरेतून, हातांनी नव्हे. दारावरचा माणूसही बघत राहिला. तेव्हापासून मी कुठल्याही संग्रहालयात आधी केर काढणारी, चहा देणारी, बागेत पाणी घालणारी माणसं कुठल्या गावची ते विचारून घेतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. घरचीच वस्तू तिथे का बघायची? कारण घरच्या वस्तूवरून जे घरी नाही ते कळतं. सत्तरीत डोंगर, कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, काजू आणि उन्हाळ्यात नदीचं पात्र आटलं की त्यात करायची पुरण शेती. तुमच्या पोरांना नदी म्हणजे गोडं पाणी. सासष्टीच्या, म्हणजे बाणावलीच्या तालुक्यातल्या, माणसाची नदी दिवसातून दोनदा खारी होऊन शेतावर चाल करून येते. ती बांध घालून आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, लावून अडवायची, तिच्याच पोटातली जमीन काढून त्यात भात घ्यायचं. कोरगूट भात खारं सोसतं म्हणून ते. बाणावलीच्या वस्तूंमध्ये हे सगळं मिसळलेलं आहे. तेव्हा पोरांना दोन ढीग करायला सांगा, मनातल्या मनात: आमच्याकडे आहे आणि आमच्याकडे नाही. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न, 'आमच्याकडे का नाही?' माडाची सूर काढायची रेंदेराची काती बघतील, काजूच्या दारूच्या भाटीला ती लागत नाही. मिठाची फळी बघतील. पाणी, माती, झाड यांच्यावरून उत्तर त्यांचं त्यांना येईल. नाही आलं तर परत येताना बसमध्ये भांडू द्या.

शेवटचं एक काम, जायच्या आदल्या आठवड्यात. प्रत्येकाने घरच्या एका वस्तूचं माप घेऊन यायचं. पट्टी नको, सुतळी द्या. दात्याचा घेर, आदोळीची उंची, व्हायनाची खोली, सुतळीला गाठ मारायची. हात लावायला बंदी असली तरी परवानगी घेऊन वस्तूजवळ सुतळी धरता येते. आपली मोठी की त्यांची, यावर पोरं जेवण विसरतील.

भाटाबाहेरचा

मेस्तांचं वाचायला गोड वाटलं. तरी एक खडा टाकतो.

माझे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात मुंडकार. घर आमचं, जमीन त्याची, आणि 'निघ' म्हटलं की निघायचं. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला तेव्हा कुठे पायाखाली जमीन आली, तीही सगळ्यांच्या नाही. आमच्या आजीचं दाते आम्ही आनंदाने टाकलं, चक्की आल्यावर. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बाईला विचारा त्यात काय सुंदर होतं ते. आता तेच दाते दिवे लावून, काचेपलीकडे ठेवून 'आपला समृद्ध वारसा' म्हणतात. एका ठिकाणी पालखी बघितली. कोरीवकाम, रेशमी गादी, कुणाच्या घराण्याची ते ठळक अक्षरात. उचलणारे कोण होते त्याचा पत्ता नाही.

बाणावलीच्या माणसाने कष्टकऱ्यांची हत्यारं जमवली हे मान्य, त्याबद्दल आदर आहे. पण टीचर, मुलांना हेही सांगा की या वस्तू बऱ्याच लोकांनी स्वखुशीने टाकल्या.

मेस्त_फोंडा

सांगाच. त्यात खोटं काही नाही. माझ्या आईनेही दाते टाकलं, मागच्या दारी, तुळशीच्या पलीकडे. त्याच्यावर नंतर आम्ही कपडे आपटायचो.

पालखीचं मात्र ऐका. अशी वस्तू बघताना मी गादीकडे बघतच नाही, दांड्याकडे बघतो. मधला भाग कोरलेला, रंगवलेला असतो. दोन्ही टोकांना, जिथे खांदा लागतो, तिथे रंग उडून लाकूड काळपट आणि चकचकीत झालेलं असतं. घाम आणि तेल. त्या काळ्या पट्ट्याची लांबी बघितली की एका टोकाला किती खांदे लागायचे ते समजतं, एकाचा पट्टा आखूड आणि दोघांचा लांब. मी बघितलेल्या एका दांड्याला खालच्या बाजूने कुणीतरी चिंध्या गुंडाळलेल्याचा ठसा होता, सुतळी लाकडात रुतलेली. वरून ते दिसू नये अशीच गुंडाळलेली. मालकाचं नाव पाटीवर आहे, भोयांची सही दांड्यावर आहे. पाटी बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही, पोरांना खालून बघायला लावणं आहे.

आणि 'स्वखुशीने टाकल्या' हा तर तिसरा ढीग झाला. आजीला विचारून यायचं: यातलं परत मिळालं तर काय घ्याल आणि काय नको. आजी खोटं बोलत नाहीत या बाबतीत.

लोटलीची_सून

टीचर, तुमची बस फोंड्याहून मडगावला जाताना बोरीच्या पुलावरून येणार. पूल संपला की लोटलीच्या बाजूला जी सपाट हिरवी-पिवळी जमीन दिसते ती खाजन, खाऱ्या नदीकाठची बांधाआडची शेतजमीन. संग्रहालयाच्या आधी ती दाखवा, तिकीट नाही. मी माहेरची डिचोलीची, लग्न होऊन इथे आले तेव्हा तुमच्या मुलांसारखीच अवस्था होती. नदी शेतापेक्षा उंच? असं कसं? पहिल्या पावसात बांधावर उभी राहून बघितलं तेव्हा विश्वास बसला.

मानस मुलांना समजवायला सोपी आहे. दारं फक्त नदीकडे उघडतात. भरतीला नदीचं पाणी दारावर रेटतं आणि दार आपोआप घट्ट मिटतं. ओहोटीला नदी खाली जाते, आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. दारं मत्तीच्या लाकडाची, खाऱ्या पाण्यात ते टिकतं. (मत्ती म्हणजे आपला राज्यवृक्ष, सातवीच्या मुलांना हे पाठ असतं, फक्त झाड कुणी दाखवलेलं नसतं.) भात कापून झालं की बऱ्याच ठिकाणी मासळीसाठी पाणी आत घेतात, त्यामुळे जानेवारीत मानशीला जाळं लावलेलंही बघायला मिळू शकतं. मासळी धरायच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्यावरून गावात वाद होतात, ते मात्र मुलांना नको सांगायला.

पण बांध कोण राखतं हे जरूर सांगा. पूर्वी गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, बघायची. कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे आलं. आमचे सासरे म्हणायचे, खेकड्याने पाडलेलं भोक संध्याकाळी बुजवलं नाही तर सकाळी शेत गेलं. आता बांध फुटला की आधी कुणी दुरुस्त करायचा यावर बैठक होते.

आमच्या लोटलीतच 'बिग फूट' म्हणजे 'अँसेस्ट्रल गोवा' आहे, १९९५ पासून. जुन्या गोव्यातलं गाव लहान पुतळ्यांतून उभं केलंय: कुंभार, मासळीवाली, बाजार, भाटकाराचं घर. खरं सांगायचं तर सातवीच्या मुलांना ते जरा पोरकट वाटेल, अर्ध्या तासात उरकतील. पण मीराबाई चुकवू नका. महेंद्र आल्वारिस यांनी १९९४ मध्ये ती जांभ्याच्या सपाट कातळात आडवी कोरली, सुमारे चौदा मीटर लांब, तीस दिवसांत. जांभा किती ठिसूळ आणि किती कडक हे तुमच्या मुलांना घरच्या चिऱ्यांवरून माहीतच असेल. त्यांना विचारा, या दगडात बोटं कोरता येतील का? मग न्या.

मोठी बस बांधाच्या रस्त्यावर घालू नका. वळायला जागा नाही, मग सगळा गाव गोळा होतो सल्ले द्यायला.

पाटो_ते_पणजी

मी दोन ओळी सांगितल्या आणि इथे ग्रंथ झाला! चांगलं आहे. पण हेडमास्तरांचं काय करणार? त्यांना चर्च आणि आईस्क्रीम हवं आहे.

सत्तरीची_टीचर

तेच तर. आज त्यांना हा धागाच वाचून दाखवला, भाटाबाहेरच्यांचं आणि मेस्तांचं जरा जास्तच सावकाश. सर गप्प बसले, मग म्हणाले की त्यांच्या घरी पालखीचा नाही पण डोलीचा दांडा आहे, गोठ्यात वाश्याला लावलेला, घरी जाऊन बघतो. त्यावरून परवानगी मिळाली असं समजते आहे. जुने गोवे मात्र हवंच म्हणाले, पालक विचारतात म्हणून.

तर बेत असा: सकाळी लवकर निघून फोंडा, बोरी, लोटलीचं खाजन, मग बाणावली. जेवण तिथेच कुठेतरी सावलीत, डबे घरचे. परत येताना महामार्गाने झुवारी ओलांडून जुन्या गोव्याला, तिथून माशेल, साखळी, वाळपई. संग्रहालयाला उद्या फोन करून गटाची वेळ आणि सवलत विचारते.

दोन शंका. खाजनावर पाणी वाहताना दिसायला किती वाजता पोचायला हवं? आणि झुवारीच्या पलीकडे, वाटेत, तासभर घालवण्यासारखं काही आहे का? जुन्या गोव्याला फार लवकर पोचले तर सर आईस्क्रीम दोनदा काढतील.

गोपकपट्टणकर

वाटेतच आहे. झुवारीचा पूल उतरून आगशी, गोवा वेल्हा, की डोंगरावर पिलारची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं विद्यालय. तिथे एक लहानसं संग्रहालय आहे, आसपासच्या शेतांत आणि घरांच्या पायांमध्ये सापडलेल्या वस्तूंचं. दगडी मूर्ती, नाणी, खापरं. बाणावलीत घरातल्या वस्तू बघाल, इथे जमिनीखालच्या.

कदंबांनी अकराव्या शतकात चांदरहून राजधानी इकडे हलवली, गोपकपट्टण. झुवारीच्या काठावर बंदराच्या जुन्या भिंतीचे दगड अजून आहेत. सेमिनरीच्या आवारातून नदी दिसते, तिथे उभं राहून मुलांना विचारा की बंदर इथे का? बोरीला सकाळी जी नदी शेतावर चाल करून येते म्हणून सांगितलंत, तीच इथे गलबतं घेऊन यायची. गाळ साचला, राजवटी बदलल्या आणि वस्ती मांडवीच्या काठी सरकली, आजच्या जुन्या गोव्याला. म्हणजे तुमच्या सरांचं चर्च या गोष्टीतला पुढचा भाग आहे, असं त्यांना सांगा.

आधी फोन करून परवानगी घ्या, अडतीस मुलं अचानक दारात उभी करू नका. खोली लहान आहे, दोन तुकड्या करा. एक आत, एक फादर आग्नेलोंच्या समाधीपाशी शांत बसलेली. शांत बसली तर.

मेस्त_फोंडा

आमच्या फोंड्यावरून जाताना चहाला थांबा म्हटलं असतं, पण अडतीस पोरांना चहा म्हणजे पोरगा मला घराबाहेर काढील. सुतळी तेवढी पाठवतो, दुकानात पडून आहे. सकाळी बस फोंड्याच्या स्टँडपाशी येईल तेव्हा निरोप द्या, गुंडी आणून देतो. पण माप आधी घ्यायचंय ना, मग वाळपईच्या बसवाल्याकडे या शनिवारीच देतो.

सरांना सांगा, डोलीचा दांडा गोठ्यातून काढायची घाई करू नका. वाश्याला इतकी वर्षं आहे तर त्याच्यावर छप्पर टेकलं असेल.

लोटलीची_सून

ओहोटीचं सांगते. इथली जुनी माणसं तिथीवरून काढतात: तिथीचे आकडे पाऊणपट करायचे, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. बोरीपर्यंत नदी आत आलेली, त्यामुळे पाणी थोडं उशिरा फिरतं. तुम्ही दहाच्या आसपास पोचणार असाल तर सप्तमी-अष्टमीचा दिवस धरा, पाणी उतरत असेल आणि मानस उघडी मिळेल. भांगाचं पाणी असतं, जोर कमी, पण मुलांना जवळ उभं करायला तेच बरं. अमावास्या-पौर्णिमेला त्या वेळी भरती चढत असते, दारं मिटलेली आणि बघायला काही नाही.

शुक्रवार आणि अमावास्या टाळून कॅलेंडर बघा, आणि दिवस ठरला की इथे टाका. सासऱ्यांच्या ओळखीचे एक जण मानशीवर असतात, त्यांना सांगून ठेवते. बस रस्त्यावरच उभी करा, खाली मी चालत घेऊन जाईन.